जे घोडीला, तेच बाईला

१० जुलै, रविवार

आज चर्चहून आले आणि खोटं बोलले. रविवारच्या शाळेत मुलांकडून दहा आज्ञा घोकून घेतल्या त्याला तासही झाला नव्हता, डोक्यावरची हॅटसुद्धा उतरवली नव्हती. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण जायचं नाही, आणि माझा नवरा आर्लिस फेब्रुवारीत वारल्यापासून या घरात ऐकणारं कोणी नाही. तसं तो होता तेव्हाही नव्हतं म्हणा. म्हणून आजपासून लिहायला बसते.

डॉइल पॅसमोर आणि त्याचा मेव्हणा बर्ल दारात उभे होते. डॉइल म्हणजे आर्लिसचा लहानपणापासूनचा दोस्त. बर्ल म्हणजे डॉइल जिथे असेल तिथे त्याच्या मागे उभा असतो तो. दोघांनी टोप्या हातात घेतलेल्या. डॉइल खोकला आणि पायरीशी बोलायला लागला. दरवर्षीसारख्या ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी कबरी फुलांनी सजवायच्या आहेत, लांबलांबची माणसं येतील, आर्लिसची ही पहिलीच सजावट. आणि आर्लिसनं त्याच्याकडून इस्पितळात शब्द घेतला होता, की त्या दिवशी माझ्या कबरीशी माझ्याच हातची बरणी फिरवायची, आणि तळाशी उरेल ती माझ्यावर ओतायची. तर त्याच्या हातची एखादी बरणी कुठे राहिली असेल का, बाई.

मला सगळे बाईच म्हणतात. तीस वर्षं इथे चौथीला शिकवलं, खोऱ्यातल्या निम्म्या लोकांचे कान मी पिळलेत. आर्लिससुद्धा चारचौघांत बाईच म्हणायचा.

बरणीत काय, ते डॉइलनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या काउंटीत दारू विकायला बंदी आहे, आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनालासुद्धा द्राक्षाचा नुसता रस असतो, आणि माझा नवरा लग्न झाल्यापासून गोठ्यामागच्या शेडमध्ये हातभट्टी लावत होता. मला माहीत होतं. मी कधी पाहिलं नव्हतं. या दोन्ही गोष्टी एकाच बाईला एकाच वेळी जमतात, कुठल्याही लग्न झालेल्या बाईला विचारा.

अंत्यविधी झाल्यावर मी शेडच्या दारापाशी मांडलेल्या सगळ्या बरण्या ओढ्याकाठी रित्या केल्या. तिथे अजून गवत उगवलेलं नाही. बरण्या उकळल्या आणि त्यात घेवड्याचं लोणचं घातलं. मला त्याचा पश्चात्ताप नाही. बरण्या चांगल्या होत्या.

हे मी डॉइलला सरळ सांगणारच होते. पण तो म्हणाला, ‘‘नसेल तर राहू दे, बाई. तुम्ही ओतून दिली असली तरी तुम्हाला कोण बोल लावणार? तुमचा स्वभाव आम्हाला ठाऊक आहे.’’

माझा स्वभाव! मी हॅट सरळ केली आणि म्हणाले, आहे की, एक बरणी जपून ठेवलीय. बर्लच्या डोळ्यांत पाणी आलं. आता ती बरणी आणायची कुठून?

१२ जुलै

शेडमध्ये गेले. आयुष्यात पहिल्यांदा आत पाऊल टाकलं. वाटलं होतं काहीतरी घाणेरडं असेल. तर माझ्या माजघरापेक्षा स्वच्छ. तांब्याचं भांडं लखलखतंय, वरच्या टोपणातून निघालेली नळी वेटोळी घेत पिंपात उतरलीय, पिंपात ओढ्याचं पाणी सोडायला पन्हळ. घरात या माणसानं कधी कप जागेवर ठेवला नाही.

कोपऱ्यात वाळक्या सफरचंदाच्या सालींचं पोतं होतं, उंदरांनी पोखरलेलं. पर्लसाठी साठवलेलं. पर्ल म्हणजे आमची म्हातारी घोडी. या घोडीचे त्यानं भारी लाड केले. ते पोतं मी ओढ्यात झटकून टाकलं. जिथे काम करायचं तिथे अडगळ मला चालत नाही.

करायचं काय ते साधारण ठाऊक आहे. घोड्याचा गोड खुराक आणायचा, म्हणजे काकवी लावलेला मका, ओट आणि जव. गरम पाण्यात भिजवायचा, साखर आणि यीस्ट घालायचं, आंबू द्यायचं, मग भट्टीवर चढवायचं. त्याचं एकेक वाक्य इतकी वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून माझ्या कानावर पडत होतं. आणि कृती समोर असली की मला काहीही करता येतं. जत्रेत माझ्या सफरचंदाच्या थरांच्या केकला पहिल्या नंबरची निळी फीत किती वेळा मिळाली ते पेटी उघडून कुणीही बघावं.

आर्लिसनं मात्र त्या केकला कधी चांगलं म्हटलं नाही. खायचा, ताटली ठेवायचा, गोठ्याकडे चालू लागायचा. लग्नाच्या इतक्या वर्षांत माझ्या स्वयंपाकाबद्दल तो एकच गोष्ट बोलला असेल: ‘‘साली जरा जाड काढत जा, घोडीला बरं पडतं.’’ आणि मी तर कागदासारखी साल काढते. उलट दाखवण्यासारखी गोष्ट आहे ती. यावरून आमची वर्षानुवर्षं धुसफूस चालली.

माझ्याजवळ त्याचं एकच वाक्य आहे. मी भांडी घासत होते, तो ओसरीवर डॉइलशी बोलत होता. म्हणाला, ‘‘अख्ख्या डोंगरात बाईंना तोड नाही.’’ मी हात पाण्यात तसेच ठेवून उभी राहिले. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, त्यालासुद्धा नाही. पण वाईट दिवस आले की मी ते वाक्य काढून बघायचे. त्याच्यावर बरीच वर्षं निभावली.

१५ जुलै

नेल्डाच्या दुकानातून पोतं आणलं. नेल्डा माझीच विद्यार्थिनी, वाचनात हुशार, हस्ताक्षर कोंबडीचे पाय. मी म्हणाले, पर्लसाठी. ती म्हणाली, हो, पर्लसाठीच. तिनं पुढे केलेल्या पोत्याशेजारी वासरांचा गोळीखुराक होता, तो स्वस्त होता, काकवी त्यालाही होती. मी तो घेतला. आर्लिसला कधी हिशेबानं खरेदी करता आली नाही.

निघताना तिथे बसलेल्या दोघा म्हाताऱ्यांनी विचारलं, बाई कशा आहेत? मी म्हणाले, बऱ्या आहेत. ते एकमेकांकडे बघून हसले. आमच्याकडे माणसं फार आस्थेची. आर्लिस होता तेव्हा तर रस्त्यात, दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर जो भेटेल तो त्याला विचारायचा, बाई कशा आहेत. ज्यांना मी कधी पाहिलं नाही असेही विचारायचे. पोलिसांचा प्रमुख, शेरीफ, तो तर गाडी थांबवून विचारायचा. आर्लिस म्हणायचा, यंदा जरा कडक आहेत. मला राग यायचा, पण खोटं तरी कसं म्हणणार?

२१ जुलै

आंबवणाचं पिंप मेलेलं. एक बुडबुडा नाही, वास नाही, नुसता राडा. नेल्डाला म्हणाले, पर्लला मानवला नाही गं तो खुराक. ती डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, बाई, त्या गोळ्यांमध्ये वासरांच्या पोटाचं औषध असतं, त्यात काहीच... त्यानं पर्लचं पोट फुगणार नाही. आर्लिसकाका अख्ख्या दाण्याचा घ्यायचे, बिनगोळीचा, बिनऔषधाचा. आणि तो पोत्यांनी माझ्या गाडीत चढवायलाही लागली. मी म्हटलं, घोडी एक आहे. म्हणाली, भूक मोठी आहे तिची.

पोरगी जनावरांची पारख ठेवते. मी उगाच तिच्या अक्षराला नावं ठेवली.

२९ जुलै

पिंप चांगलं गुरगुरलं. आज भट्टी लावली. पहिली निघते ती विषारी, फेकून द्यायची, एवढं ऐकून होते, ती फेकली. मग धार लागली आणि तेवढ्यात अंगणात आमच्या चर्चचा पाळक ट्रूइट, त्याची गाडी.

मी ॲप्रन काढून धावले. काकवीचा वास खोरंभर पसरलेला. मी म्हणाले, पाक करतेय. तो म्हणाला, छान. रविवारच्या शाळेविषयी काय बोलला मला आठवत नाही, माझा एक कान शेडकडे. निघता निघेना. दारात थांबून, शेडकडे बघत विचारतो, ‘‘बाकी बाई कशा आहेत?’’ मी म्हणाले, अरे, अर्धा तास तुझ्यासमोर बसलेय. तो लालेलाल झाला. भागाकार शिकतानाही असाच व्हायचा. देवानं चांगल्या मनाची माणसं पाळक करावीत हे ठीक आहे, पण थोडी चलाखही करावीत.

परत गेले तोवर बरणी भरून वाहत होती. पाण्यासारखी नितळ. माझ्या जेलीलासुद्धा इतकी नितळाई आली नव्हती. खरं सांगायचं तर अभिमान वाटला.

२ ऑगस्ट

चाखायचं कोणी? मी थेंब घेतलेला नाही आणि घेणार नाही. डॉइलला बोलावून सांगितलं, शेडमध्ये एक बरणी सापडलीय, आर्लिसची की दुसऱ्या कुणाची कळत नाही, तुम्ही बघा. त्यानं बरणी उन्हात धरून हलवली, वर आलेले बुडबुड्यांचे मणी फुटायला किती वेळ लागतो ते पाहिलं आणि घोटभर घेतली.

‘‘स्वच्छ आहे,’’ म्हणाला. ‘‘पण आर्लिसची नाही. घोड्याच्या तोबऱ्यात तोंड घातल्यासारखी आहे. कुणीतरी नवशिका दिसतोय.’’

मला इतकं लागलं की काय सांगू. मी तोंड वळवून विचारलं, आर्लिसच्यात असं काय असायचं? डॉइल म्हणाला, आम्ही जन्मभर तेच विचारत आलो. तो हसायचा आणि एवढंच म्हणायचा, ‘‘जे घोडीला, तेच बाईला.’’

असं म्हणाला आणि डॉइलला ठसका लागला. इतका खोकला की बर्लनं पाठ थोपटली. ‘‘तुमची... तुमची बरणी नीट ठेवा, बाई,’’ म्हणाला आणि दोघे गेलेच.

३ ऑगस्ट

जे घोडीला तेच बाईला! रात्रभर डोळा लागला नाही. म्हणजे हा माणूस मित्रांत बसून मला घोडीच्या रांगेत बसवत होता. बरोबरच आहे. घोडीला खरारा रोज व्हायचा.

५ ऑगस्ट

राग आहेच. पण सफरचंदं कुणाच्या रागासाठी थांबत नाहीत. अंगणातलं घोडसफरचंदाचं झाड लगडलंय. त्या फळाला तसंच म्हणतात, पिवळं, दात आंबवणारं, पण केकसाठी वाळवायला दुसरं काही चालत नाही. दिवसभर साली काढल्या. संध्याकाळी सवयीनं बादली घेऊन पर्लकडे गेले. या दिवसांत आर्लिस रोज दोन दोन बादल्या न्यायचा, आणि उरलेल्या साली पत्र्यावर वाळवून तिच्या हिवाळ्यासाठी ठेवायचा.

पर्लनं बादली हुंगली, ओठ वर केला आणि तोंड फिरवलं. पुन्हा धरली, पुन्हा फिरवलं. आंबट लागतात म्हणावं तर इतकी वर्षं कशा खाल्ल्या? तिचं मन उडालंय. जनावरालाही माणूस गेल्याचं कळतं. मी तिच्या मानेवर हात ठेवून जरा उभी राहिले आणि साली खताच्या ढिगावर टाकल्या.

९ ऑगस्ट

दुसरी खेपही तशीच निघाली. काकवी वाढवून पाहिली, मका भरडून पाहिला. डॉइलला पुन्हा बोलावता येत नाही, म्हणून नुसता वास घेते. तोबराच. दिवस थोडे राहिलेत. तिसऱ्या खेपेचं पिंप भिजत घातलंय, का घातलंय ते मला माहीत नाही.

मला वाटायचं, त्याचं जे काही चांगलं होतं ते सगळं तो त्या शेडमध्ये खर्च करतो आणि घरात रिकामा होऊन येतो. काय होतं तिथे, एवढं तरी कळावं. आता ती बरणी डॉइलसाठी नकोय, मलाच हवीय.

११ ऑगस्ट

आज जे झालं ते लिहावं की नाही कळत नाही.

दुपारी फाटकाशी ट्रक थांबला, टेनेसीची पाटी. पन्नाशीचा नीटनेटका माणूस. विचारतो, आर्लिस होगसेडचं घर हेच का, बाई आहेत का. मी म्हणाले, मीच. त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

‘‘नाही, मला बाई हवी होती,’’ म्हणाला. ‘‘एक. दोन असल्या तर दोन द्या.’’

मला वाटलं उन्हानं डोकं फिरलंय. मी त्याला ठणकावलं, या घरात बाई एकच आहे आणि ती तुमच्यासमोर उभी आहे. तो इतका ओशाळला की मलाच कीव आली. हळूच म्हणाला, ‘‘अहो, बरणीतली.’’

मग एकेक सांगत गेला. त्याचा सासरा दुसऱ्या कुठल्या दारूला शिवत नाही. डोंगराच्या पलीकडेसुद्धा सगळे तिला बाईच म्हणतात. मागायची झाली तर आर्लिसला विचारायचं, बाई कशा आहेत. तो सांगायचा त्यावरून कळायचं, तयार आहे की नाही, कडक की सौम्य. आर्लिस गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्यानं टोपी काढली. म्हणाला, ‘‘फार वाईट झालं. अख्ख्या डोंगरात बाईंना तोड नाही.’’

शब्दाला शब्द तेच.

मी त्याला लोणच्याची बरणी दिली आणि वाटेला लावलं.

१२ ऑगस्ट

घोडीला पाणी दाखवलं. बाकी काही केलं नाही.

१४ ऑगस्ट, रविवार

चर्चला गेले नाही. ताप आहे असं कळवलं. हे या उन्हाळ्यातलं कितवं खोटं, मोजायचं सोडून दिलंय.

सगळं परत आठवून झालं. डॉइल ओसरीवर मोठ्यानं म्हणाला होता, ‘‘बाई लगेच डोक्यात जातात,’’ आणि मी वर्षभर त्याला केकचा तुकडा दिला नव्हता. बिचारा प्रत्येक रविवारी ताटली घेऊन उभा राहायचा. शेरीफची बायको बाळंत झाली तेव्हा शेरीफ आर्लिसला म्हणाला होता, आज रात्री बाईंना आमच्याकडे पाठव. मी रजई घेऊन गेले होते. त्याचा चेहरा आत्ता डोळ्यांपुढे येतो. आणि मी म्हणत होते, माणसं किती आस्थेची!

हसण्यासारखं आहे. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी पोट धरून हसले असते. पण ते एक वाक्य माझं होतं. माझ्याजवळ त्याचं दुसरं काही नाही. तेही दारूचं निघालं. मी इथे एकटी आहे म्हणून लिहिते: मला त्याच्या मरणाचं इतकं रडू आलं नव्हतं.

उद्या डॉइलला सांगून टाकणार. बरणी नाही, मी ओतली, माझा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. राहू दे आर्लिसला कोरडा.

तिसरं पिंप ओतून देणारच होते. हातात सालींची बादली होती, पर्लनं आजही नाक मुरडलं होतं. खताच्या ढिगापर्यंत जायचा कंटाळा आला. रागानं ती बादली त्या पिंपातच उपडी केली, कालची तशीच पडलेलीही. म्हटलं, घ्या, जे घोडीला तेच बाईला. फेकायचं तर सगळं एकदम फेकू.

१५ ऑगस्ट

डॉइलकडे गेले नाही. पाऊस होता.

१७ ऑगस्ट

पिंप ओतायला गेले तर ते उतू चाललं होतं. इतकं जिवंत आधीचं कुठलंच पिंप नव्हतं. एवढा दाणा, एवढी साखर वाया घालवणं माझ्याच्यानं होत नाही. राहू दिलं.

२४ ऑगस्ट

भट्टी लावली, कारण फेकवलं नाही. दुसरं कारण नाही.

धार सुरू झाली आणि मी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, तो आलाय. खरंच वाटलं. हा वास मला माहीत आहे. हिवाळ्यात त्याच्या कोटाच्या कॉलरला यायचा, रविवारी बाकावर शेजारी बसला की यायचा. मी आजवर समजत होते, केसांच्या तेलाचा आहे. त्याच्या उशीचा अभ्रा मी फेब्रुवारीपासून धुतलेला नाही, तो याच वासासाठी.

मी बादलीवर बसले. पर्लला या साली कधीच आवडत नव्हत्या. तिनं कधी खाल्ल्याच नव्हत्या. त्या सगळ्या बादल्या, त्याही दोन दोन, आणि ते वाळक्या सालींचं पोतं, जे मी स्वतःच्या हातानं ओढ्यात झटकलं. ‘साली जरा जाड काढत जा.’ मी तर त्या कागदासारख्या काढत होते आणि वर मिरवत होते.

बरणी भरली. झाकण लावलं. मग झाकण काढून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. जळजळलं. मग अंगणातल्या सफरचंदाच्या झाडाखाली उभं राहिल्यासारखं वाटलं. परत बुडवलं नाही. म्हणजे आणखी एकदाच बुडवलं.

२८ ऑगस्ट, रविवार

सजावट झाली. टेकडी फुलांनी भरली होती, प्लास्टिकची निम्मी. आर्लिसच्या मातीवर मी रानझेंडू लावले. पाळक ट्रूइटनं प्रार्थना केली, मग झाडाखाली टेबलं मांडली, तळलेली कोंबडी, मक्याची भाकरी, घेवडा, माझा थरांचा केक. मग नेहमीसारखी सगळ्या बायकांना एकदम भांडी आवरायची आठवण झाली आणि सगळ्यांनी कबरींकडे पाठ केली. मी केली नाही.

पर्समधून बरणी काढून डॉइलच्या हातात दिली. त्यानं ती उन्हात धरली, हलवली, मणी पाहिले. त्या दिवशीसारखी घोटभर घेतली. मी थडग्याच्या दगडाला धरून उभी राहिले. मग तो टोपी काढून दगडाकडे वळला, माझ्याकडे नव्हे.

‘‘आर्लिस,’’ म्हणाला, ‘‘बाई आहेत.’’

बर्ल घेऊन रडला. बरणी फिरली. शेरीफनं घेतली, टेनेसीचा माणूस सासऱ्याला हाताला धरून घेऊन आला होता, त्यानंही घेतली. तळाशी उरली ती डॉइलनं मातीवर ओतली आणि माझे झेंडू बहुतेक जळणार. जळू देत.

मी डॉइलला बाजूला घेतलं. म्हटलं, मला सगळं कळलंय, आता खोकू नका. बायकोचं नाव दारूला का दिलं त्यानं? तो टोपी फिरवत राहिला. म्हणाला, ‘‘आम्हीही पहिल्या वर्षी हेच विचारलं होतं. म्हणाला, तिच्याच हातची आहे निम्मी, दुसरं नाव कुठलं देऊ? फक्त साली फार पातळ काढते.’’

मी त्याला केकचा मोठा तुकडा कापून दिला. मागच्या एका वर्षाचा बाकी होता.

पाळक ट्रूइट टेबलापाशी घुटमळत होता. मी त्याला खुर्चीवर बसवलं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘बाई कशा आहेत?’’

‘‘कडक आहेत,’’ मी म्हणाले. ‘‘जपून.’’

३० ऑगस्ट

बरणीचं काम झालं. भट्टी घासूनपुसून ठेवली, तिचा आता काही उपयोग नाही. सकाळी नेल्डा मी सांगितलं नसताना खुराकाची पोती टाकून गेली. परत पाठवणार होते, पण पर्ल अलीकडे फार खाते.

झाडावरची शेवटची सफरचंदं उतरवली आणि ओसरीवर बसून साली काढल्या. जाड काढल्या. हाताला सवय नाही, मनगट भरून आलं. पर्लला आवडत नाहीत, पण बादली नेली तिकडेच, गोठ्यामागे.